पावती

शुक्रवारी रात्री मी नियम सांगितला.
सांगितला म्हणजे शिट्टी फुंकली, हात फिरवला, एवढंच.
तेवढ्याने हॉलिस गावाची निम्मी बाकं गप्प झाली
आणि उरलेल्यांनी माझ्या आईचा उद्धार केला.
ती चर्चमागे निजली आहे ब्याण्णव सालापासून.
फुटबॉल तिला कधीच आवडला नाही.

झालं ते असं.
हलुस्कांचा ड्वेन, सतरा वर्षांचा,
आपल्याच बारा यार्डांवरून सुटला.
नेब्रास्कातली नोव्हेंबरची थंडी, चाळीस सेकंद बाकी,
चार गुणांनी मागे.
मी कडेच्या रेषेवरून धावत होतो,
एकसष्ट वर्षांचे गुडघे घेऊन,
आणि तरी शेवटचं पाऊल मी पाहिलं:
त्याने चेंडू पुढे केला, लांब, एकाच हातात,
पाहुण्यापुढे ताट करावं तसा.

कुणी ढकललं नाही. कुणी हात मारला नाही.
तो अंड्यासारखा चेंडू, त्याला सरळ उसळणं माहीतच नाही,
निसटला, लोळला,
कोपऱ्यातल्या नारिंगी खुंटीच्या आतल्या अंगाने
बाहेर गेला.

हात सुटला तिथे मी माझी निळी पिशवी टाकली.
रेषेच्या वीतभर अलीकडे.

ती वीत मला झोपू देत नाही.

अलीकडे बाहेर गेला असता तर त्याचाच होता,
पुन्हा मांडा, पुन्हा खेळा.
पलीकडे गेला म्हणून त्यांचा,
ज्यांनी त्याला बोटही लावलं नव्हतं,
ज्यांच्यातला सगळ्यात जवळचा पोरगा
चार यार्ड मागे तोंडावर पडलेला होता.
वर वीस यार्डांची बक्षिसी.

रविवारी आयरीनने कॉफी ओतता ओतता विचारलं,
"ऑर्विल, माझी बशी तुझ्या अंगणात फुटली
तर माझं स्वयंपाकघर तुझं होतं का?"
मी म्हटलं, ते अंगण दुसऱ्याचं आहे,
जगात तेवढीच दहा यार्ड ते राखत असतात.
तिथे शिरायचं तर मूठ घट्ट हवी.
"आणि हातातोंडाशी आलेला घास पडला, तर कुणाचा?"
"कुत्र्याचा," टोकाच्या स्टुलावरून लॉइड म्हणाला.
सगळे हसले. मीही.
पाय ठेवून निघालो तेव्हा कॉफी निम्मी तशीच होती.

सोमवारी मी धान्याच्या कोठारावर, वजनकाट्याशी.
इथेही रेषा आहे.
काट्याअलीकडे मका सांडला तर तुमचा, झाडून घ्या.
काट्यापलीकडे सांडला तर कोठाराचा.
एकतीस वर्षांत यावर कुणी भांडलं नाही,
आणि मला वाटायचं, नियम चोख आहे म्हणून.

ड्वेन काकाचा ट्रक घेऊन आला.
वजन झालं. पुढे जाळीपाशी फळी उघडताना
दोन-तीन घमेली मका बाहेर सांडला, पिवळाधमक.
त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.
भिंतीचा खराटा घेतला
आणि दाणा न् दाणा आमच्या खड्ड्यात लोटला.
मग खिडकीशी येऊन हात पुढे केला,
तोच हात,
म्हणाला, "पावती."

तेव्हा कुठे कळलं लोक इथे का भांडत नाहीत.
पलीकडे जे सांडतं
त्याचं माप आधीच कागदावर आलेलं असतं.

बुशेल लिहिले, ओलावा लिहिला, सही केली.
त्याने घडी घालून खिशात ठेवली, गेला.

निर्णय बरोबर होता. उद्या पुन्हा तसं झालं
तर पुन्हा तसाच हात फिरवीन.
पण पुस्तकातली पुढची कोरी पावती मी फाडली,
कंपनीला चालत नाही असं फाडलेलं,
तिच्यावर लिहिलं:
ड्वेन हलुस्का, सत्त्याऐंशी यार्ड, दोन फूट,
वर थोडे इंच.
मिळाले.

अजून खणात आहे. कशी द्यायची ते कळत नाही.